नऊ दिवसांची स्वच्छ हवा

४ जानेवारी

भांडायला घरात माणूस उरलं नाही, म्हणून ही वही आणली. हे होते तेव्हा सकाळच्या चहाबरोबर एक भांडण व्हायचं आणि पुढचा दिवस सुरळीत जायचा. यांना जाऊन दोन वर्षं झाली. आता मनातलं दिवसभर आतल्या आत खदखदतं आणि शेवटी भांड्यांवर नाहीतर भट्टीच्या मिस्त्रीवर निघतं. काल मिस्त्री म्हणाला, "बाई, कोळसा नाही आला तरी चालेल, तुमच्यावर विटा भाजून निघतील." तीस वर्षं यांच्याबरोबर आग राखलेला माणूस, त्याला काय बोलणार? पण राग आलाच.

आजच्या रागाचं कारण नणंद. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती तिसरीत होती. तिच्या वेण्या मी घातल्यात, तिच्या शाळेच्या सह्या मी केल्यात. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे जे काही लाड व्हायचे ते तिचेच झाले. हे तिला चिमणी म्हणायचे, मग सगळेच म्हणायला लागले. आता ती शहरात हवेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत आहे. महिनाभरापूर्वी फोन आला, "वहिनी, मी दोन-तीन महिने राहायला येतेय." मी खोली धुऊन काढली, नव्या चादरी घातल्या. आज आली तर टेम्पोतून अर्ध्या फ्रिजएवढं खोकं उतरलं आणि थेट आमच्या गच्चीवर चढलं.

खोक्याला वर एक नळी आहे. ती हवा आत ओढते. आत पांढऱ्या कागदाची पट्टी असते, तिच्यावर दर तासाला एक टिपका उमटतो. हवेत काजळी जितकी जास्त तितका टिपका काळा. म्हणजे आमच्या भट्टीचा धूर आमच्याच गच्चीवरून, आमच्याच विजेवर मोजायचा!

मिस्त्री म्हणाला, "आता आपल्याकडे दोन चिमण्या. एक धूर सोडणार, दुसरी तो पकडणार." मला अजिबात हसू आलं नाही.

९ जानेवारी

आज स्वयंपाकघरात लेक्चर झालं. मी विचारलं एवढंच, की धूर मोजून काय मिळणार, धूर दिसतो की डोळ्यांना.

ती म्हणाली, "वहिनी, धूर वर जाऊन संपत नाही. या खोऱ्यात बेचाळीस भट्ट्या आहेत, शिवाय चुली, ट्रक, कारखाने. सगळी काजळी एकत्र होऊन वर चादरीसारखी पसरते. काळी चादर उन्हात वाळत घातली की किती तापते? तशी ती वरची हवा तापते. आणि ऊन वरच अडकल्यामुळे खाली जमीन पुरेशी तापत नाही. मग खालची दमट हवा वर चढायलाच तयार होत नाही."

"मग?"

तिनं किटली उचलली आणि ओट्यावरचे सगळे कप ओळीनं मांडले. एकेका कपात चमचाभर चहा ओतला. "ढगातलं पाणी कणांवर बसतं. कण थोडे असले तर प्रत्येकाला भरपूर मिळतं, थेंब जड होतो, पडतो. कण खूप झाले की असं होतं. कोणाचाच कप भरत नाही. ढग असतो, पण पडत नाही. बारीक पाऊस होता तो गेला. ढग नुसता साठत जातो, आणि एखाद्या दिवशी जोरात कोसळतो."

"म्हणजे पावसाची वाटणीसुद्धा आम्हीच बिघडवली?"

"तुम्ही एकट्यांनी नाही. पण तुम्हीसुद्धा."

"यांनी आयुष्यभर लोकांची घरं उभी राहतील अशा विटा भाजल्या. तुझं शिक्षणही त्याच विटांवर झालं."

"माहीत आहे, वहिनी. म्हणूनच इथे आलेय."

म्हणूनच! घर दिलं, शिकवलं, म्हणून आमच्याकडेच बोट. अकरा कप घासायला लागले ते वेगळंच.

१८ जानेवारी

भट्टीवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष आले होते. यांच्या वयाचे, यांचे मित्र म्हणवतात, पण आजारपणात एकदाच आले, तेही पाच मिनिटं. बूट न काढता आत आले, गच्चीकडे बघत बसले.

"ताई, अस्तनीत निखारा ठेवलात की हो," म्हणाले. "तिचा अहवाल गेला की पहिली भट्टी तुमचीच बंद होईल."

मी म्हटलं, निखाऱ्यांची मला सवय आहे. तोंडावर म्हटलं खरं, पण ते गेल्यावर मनातून जाईना. यंदा कोळसा कमी मिळाला म्हणून आम्ही अधूनमधून जुन्या टायरचे तुकडे टाकतो. सगळेच टाकतात. टाकले की तास-दोन तास धुराड्यातून डांबरासारखा धूर येतो. चिमणी गच्चीवरून बघत असते. बोलत काही नाही, वहीत लिहिते. बोलली असती तर परवडलं असतं.

घसा धरलाय. थंडीचा.

२ फेब्रुवारी

आज तिनं हद्द केली.

ती उद्या संस्थेच्या कामासाठी दहा दिवस शहरात जाते आहे. बॅग भरता भरता मला म्हणाली, "तुझा खोकला महिनाभर ऐकतेय. डॉक्टरकडे जा." मी म्हटलं, भट्टीवर उभं राहिलं की घशात धूळ जाणारच, त्यात काय. तर म्हणाली, "दादाही हेच म्हणायचा. वहिनी, तू दादाची फाईल वाचलीस कधी?"

मी म्हटलं नाही. माणूस गेल्यावर फाईल वाचून काय करायचं? यांना सर्दीचा त्रास पहिल्यापासून होता. त्या वर्षी सर्दी छातीत उतरली, आणि हे काही औषध वेळेवर घेणारे नव्हते.

ती म्हणाली, "सर्दी नव्हती ती. त्याची फुप्फुसं..."

मी ताट आदळलं. पुढचं ऐकलं नाही. घरातून नीघ म्हटलं नाही, एवढीच माझी चांगुलपणाची हद्द. बाहेर पडून थेट भट्टीवर गेले आणि विनाकारण मिस्त्रीला झापलं की विटांची रचाई वाकडी आहे. रचाई सरळ होती.

माझ्या नवऱ्याला त्याच्याच भट्टीनं मारलं, असं म्हणायचंय तिला. म्हणजे रोज डबा भरून त्यांना तिथे पाठवणारी मी कोण झाले?

३ फेब्रुवारी

गेली. जाण्यापूर्वी मला गच्चीवर नेऊन यंत्र समजावलं. कुठलं बटण, हिरवा दिवा कुठे, वीज गेली तर काय करायचं. "तुझ्यावर सोडून चाललेय, वहिनी," म्हणाली. कालच्या भांडणाचा एक शब्द नाही.

दुपारी पट्टी पाहिली. काळे टिपके, एकाखाली एक. एखाद्याच्या चुकांची यादी करावी तसे.

४ फेब्रुवारी

कपाट आवरताना यांचा निळा शर्ट हातात आला, कॉलर विरलेला. त्याची एक बाही फाडली, चौपदरी केली आणि गच्चीवर जाऊन यंत्राच्या नळीच्या तोंडावर घट्ट बांधली.

हिरवा दिवा तसाच चालू होता.

६ फेब्रुवारी

टिपके पांढरट. बघून फार बरं वाटलं. ज्यांना आमची हवा बघायचीय त्यांनी ही बघावी.

१३ फेब्रुवारी

काल नऊ दिवस पूर्ण झाले. संध्याकाळी कापड काढून चुलीत घातलं. आज ती आली आणि चहाही न घेता गच्चीवर गेली. तासभर वरच होती. खाली आली तेव्हा हातात पट्टीची गुंडाळी होती.

"वहिनी, गच्चीवर कोणी गेलं होतं का?"

"मी. रोज. तूच सांगितलं होतंस."

"दुसरं कोणी?"

"दुसरं कोण आहे इथे?"

तिनं गुंडाळी टेबलावर ठेवली. मग मागच्या दारी हात धुवायला गेली. तिथे दोरीवर तो शर्ट होता. उरलेला धुऊन पुसण्याला घेणार होते. तिनं त्याची बाही हातात धरली, म्हणजे जिथे बाही होती तिथे.

"दादाचा शर्ट का फाडलास?"

"जुना झाला होता."

ती आत निघून गेली. रात्री जेवलीही नाही नीट. भावाच्या आठवणीनं असेल. मलाही वाईट वाटलं, आधी विचारायला हवं होतं. पण यंत्राचं तिला काही कळलं नाही. एवढी शिकलेली, पण भोळी आहे.

५ मार्च

पेपरात चिमणीच्या अहवालाबरोबर आमचं धुराडं छापून आलंय. यांनी बांधलेलं, यांच्या हातचं. खाली लिहिलंय: "खोऱ्यातील पावसाच्या बदलत्या स्वरूपामागे काजळीचाही हात." टायरचा उल्लेख आहे. आमचं नाव नाही, पण धुराडं कोण ओळखणार नाही?

दूध आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, पाऊस पाडायचा की नाही ते आता तुम्हीच ठरवणार म्हणे." आजूबाजूचे हसले. मी दूध न घेता परत आले. आयुष्यात कोणी आमच्या विटेला हसलं नव्हतं.

चिमणीला विचारलं, "फोटो आमच्याच भट्टीचा कशाला?"

"फोटो मी दिलेला नाही. पेपरवाल्यांनी काढला."

"आणि यंत्र?"

"यंत्र माझं," ती म्हणाली. "तुझी माफी मागू? मागते. पण आकडे खरे आहेत."

तिनं ते इतकं शांतपणे म्हटलं की मला आणखी चेव आला.

८ मार्च

अध्यक्ष कागद घेऊन आले. संस्थेकडे तक्रार: पाऊस आहे तसाच आहे, अहवाल खोटा आहे. खुशीत होते. त्यांच्या वकिलानं अहवाल वाचला होता. "ताई, फेब्रुवारीतले नऊ दिवस तिनं गाळलेत. का, माहितीये? त्या नऊ दिवसांत हवा स्वच्छ होती! स्वच्छ दिवस काढून टाकायचे आणि काळे तेवढे मोजायचे, याला संशोधन म्हणतात?"

तिनं कारण दिलंय की त्या दिवसांत नळीतून हवा नीट ओढली गेली नाही, म्हणून ते आकडे धरले नाहीत.

"तुम्ही फक्त एवढं लिहून द्या," म्हणाले, "की यंत्र तुमच्या घरी होतं, नीट चालू होतं आणि त्याला कोणी हात लावला नाही."

पेन हातात घेतल्यावर एकदा वाटलं, नको. मग पेपरातला फोटो आठवला, दुकानातलं हसू आठवलं. ते ताट आठवलं.

सही केली.

१४ मार्च

संस्थेनं चिमणीची चौकशी लावली आहे. तोवर तिचं काम थांबवलं. दोन माणसं येऊन यंत्र घेऊन गेली. गच्चीवर चौकोनी पांढरा डाग राहिलाय, बाकी फरशी सगळी काळसर. इतकी काळी आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं.

मला वाटलं होतं आरडाओरडा करेल, निदान रडेल. बॅग भरली, सँडल घातल्या. दारात म्हणाली, "खोकल्याचं बघ, वहिनी."

"तुझी नोकरी जाईल का गं?"

"माहीत नाही. सोळा वर्षांचं काम आहे. आकडे लपवले असा शिक्का बसला की पुन्हा कोणी वाचत नाही."

"मग सांग ना त्यांना की यंत्र बिघडलं होतं."

तिनं बॅग उचलली. "यंत्र बिघडलं नव्हतं," म्हणाली आणि गेली.

मग कशाला गाळले होते दिवस, असं विचारायचं राहिलं. दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही. मिस्त्रीला जेवताना दोनदा मिठाऐवजी साखर वाढली.

२१ मार्च

दुपारी तीन वाजता आभाळ जांभळं झालं. मार्चमध्ये! मैदानात कच्च्या विटा वाळत होत्या, चार लाख. ताडपत्र्या होत्या त्या शंभर ओळींना पुरतील एवढ्या, ओळी होत्या सहाशे. थापणाऱ्या बाया, कोळसा टाकणारे, मिस्त्री, मी, सगळे धावलो. पहिला थेंब पडला तो सरळ बादलीनं ओतल्यासारखा. पन्नास मिनिटं. वर कोणी बांध फोडला होता जणू. ताडपत्री धरून उभी होते तर ताडपत्रीसकट मी पडले.

थांबला तेव्हा मैदानात वीट नव्हती. लाल चिखल होता, गुडघाभर. तीन महिने बायांनी हातानं थापलेलं सगळं. त्यातली एक बाई चिखलातून साचा शोधत होती आणि शिव्या देत होती. कोणाला, ते तिलाही माहीत नव्हतं. मीही देत होते.

मिस्त्री भट्टीच्या भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "पूर्वी असा नव्हता येत. आधी दोन दिवस भुरभुर करायचा. आपण म्हणायचो, चला, झाका. आता भुरभुर नाहीच. महिनोन् महिने काही नाही, आणि मग हे."

"तूही सुरू झालास?"

"मी कशाला सुरू होऊ बाई? मी फक्त आभाळाखाली उभा राहतो."

२४ मार्च

संघाची बैठक. सगळ्या भट्ट्यांचं नुकसान. अध्यक्षांनी सरकारकडे मदतीचा अर्ज तयार करून आणला होता, तो वाचला. पहिलंच वाक्य: "बदलत्या हवामानामुळे या खोऱ्यात अवेळी पावसाचे व अतिवृष्टीचे प्रमाण वाढले असून..."

मी उभी राहिले. "हवामान बदललंय?"

"बदललंय ना ताई. डोळ्यांनी बघितलंत."

"आणि धुरानं काही होत नाही?"

"तो वेगळा विषय आहे."

"वेगळा कसा? परवा तिच्या विरुद्ध लिहिलंत की पाऊस आहे तसाच आहे. आज लिहिताय पाऊस बदलला. पाऊस तुमच्या सोयीनं पडतो का?"

लोक हसले, पण अध्यक्षांवर की माझ्यावर, ते कळलं नाही. ते म्हणाले, "ताई थकल्यात. घरी सोडा यांना." लहान मुलाला सांगावं तसं! अर्जावर सही न करता चालत आले. सगळा रस्ता चिखलाचा आणि माझं डोकं भणभणलेलं.

२५ मार्च

यांनी दर वर्षाची एक भट्टीची वही ठेवली होती. तीस वह्या. रोजची नोंद: किती भाजल्या, वारा कुठला, पाऊस कसा. यांचं अक्षर फार वेळ बघवत नाही म्हणून कधी उघडल्या नव्हत्या. आज फक्त पावसाचा रकाना बघायचा, असं ठरवून बसले. चिमणीचं म्हणणं खोटं ठरवायचं होतं, खरं सांगायचं तर. मिस्त्री म्हणाला म्हणून पाऊस बदलत नाही आणि अध्यक्षांनी लिहिलं म्हणूनही नाही.

हे पावसाला नेमकी नावं द्यायचे. भुरभुर. झिमझिम. सर. जोरात. धो धो. मी रेघा मारत गेले. पहिल्या वहीत भुरभुर आणि झिमझिम मिळून एकेचाळीस दिवस. दहाव्या वहीत तेहतीस. विसाव्यात एकोणीस. शेवटच्या वहीत सहा. धो धो पहिल्या वहीत दोनदा, शेवटच्या वहीत नऊ वेळा.

पुन्हा मोजलं. तेच आलं.

वही भिंतीवर फेकली. मग उठून उचलली, पुसली.

२९ मार्च

शहरात जाऊन आले. एसटीनं चार तास.

चौकशीची खोली दुसऱ्या मजल्यावर. टेबलामागे तिघं. मधल्या चष्मेवाल्या बाई प्रमुख. एका बाजूला अध्यक्ष आणि वकील, दुसऱ्या बाजूला चिमणी. मला बघून ती उठली आणि पुन्हा बसली. बाईंनी माझा कागद वाचून दाखवला. "ही सही तुमची?"

"माझी. मजकूर खोटा आहे."

अध्यक्ष म्हणाले, "ताई, नीट आठवा."

"नीटच आठवतंय. हात कोणीतरी लावला होता. मी. नळीच्या तोंडावर चौपदरी कापड बांधलं. चार फेब्रुवारीला बांधलं, बाराला सोडलं. तुमची नऊ दिवसांची स्वच्छ हवा म्हणजे माझ्या नवऱ्याच्या शर्टाची बाही आहे."

वकिलानं पेनाचं टोपण लावलं.

बाईंनी विचारलं, "का केलंत?"

या प्रश्नाचं उत्तर चार तास एसटीत तयार केलं होतं. भट्टी, पेपर, बदनामी. तोंडातून निघालं ते भलतंच. "ती म्हणाली, हे सर्दीनं गेले नाहीत."

मग मी वह्यांमधले पावसाचे आकडे सांगितले. बाईंनी ते दोनदा म्हणायला लावले आणि लिहून घेतले. माझ्यावर कारवाई होऊ शकते, म्हणाल्या. मी म्हटलं, करा.

बाहेर जिन्यावर चिमणी भेटली. मी म्हटलं, "मला वाटलं तुला काहीच कळलं नाही."

"नळीत निळे धागे होते, वहिनी. आणि दोरीवर शर्ट."

"मग बोलली का नाहीस? नोकरी जायची वेळ आली तरी?"

"काय बोलू? यंत्र तुझ्यावर सोपवून मी गेले होते. आणि दादाचा शर्ट तू का फाडलास, ते या लोकांना कसं सांगायचं?" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी वाट बघत होते. रोज. तू सांगशील म्हणून. तू सही केलीस, वहिनी! माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"एसटीत जेवलीस का?"

"नाही."

"वाटलंच," म्हणाली आणि पुढे चालायला लागली. मी मागून गेले. जेवताना तिनं माझ्याकडे न बघता ताट पुढे सरकवलं.

१९ एप्रिल

बरेच दिवस लिहिलं नाही. चौकशी संपली. नऊ दिवस गाळले ते बरोबरच होतं, अहवाल कायम. चिमणीला लेखी समज मिळाली, नातेवाइकाच्या घरी यंत्र ठेवल्याबद्दल. मला संघातून काढलं. आमचे नेहमीचे ट्रकवाले आता माल उचलायला येत नाहीत, दुसरं काम आहे म्हणतात. अध्यक्षांनी दम दिलाय, सगळ्यांना ठाऊक आहे.

मी नव्या पद्धतीनं रचाई करायला घेतली आहे. विटा सरळ ओळीत न लावता नागमोडी लावायच्या, म्हणजे आतली हवा वळणं घेत जाते आणि कोळसा पुरता जळतो. कोळसाही फावडंभर एकदम नाही, चमच्यानं घातल्यासारखा, थोडा थोडा आणि सतत. टायर बंद. लांबच्या एका भट्टीवरून एक कारागीर शिकवायला आला. आमच्या मिस्त्रीनं त्याच्याशी चार दिवस अबोला धरला.

पहिली फेरी वाया गेली. अर्ध्या विटा कच्च्या राहिल्या, आपटल्या की भाकरीसारख्या... नाही, भाकरीसुद्धा आपटली तर टिकते. मी इतकी चिडले की कारागिराला बॅग भरायला सांगितलं. तेव्हा आमचा मिस्त्री मध्ये पडला. "बाई, चूक त्याची नाही. दमट कोळसा मी टाकला. बघत होतो फसतं का."

दोघांना मिळून झापलं. तिथून त्यांचं जमलं.

३० एप्रिल

दुसरी फेरी. विटा खणखणीत. धुराड्यातून धूर येतोय की नाही ते बघायला मान वर करून डोळे बारीक करावे लागतात. रस्त्यावरून जाणारा एक भट्टीवाला थांबला, वर बघितलं, म्हणाला, "विझली वाटतं?"

मिस्त्री म्हणाला, "ये, हात लावून बघ."

पण पलीकडे एकेचाळीस धुराडी काळी ओकताहेत. आमच्या एकामुळे पाऊस बदलायचा नाही, हे मला चिमणीनं न सांगताही कळतं. त्याचाच जास्त राग येतो.

७ मे

चिमणी आली, वह्यांच्या नकला घ्यायला. संस्थेला यांचा पावसाचा रकाना हवाय, तीस वर्षांचा. ती टेबलाशी बसून पानं वाचत होती, मी समोर भाजी निवडत होते. वाचता वाचता थांबली. पान उलटलं, पुन्हा मागे आली.

"वहिनी, हे तू वाचलंयस?"

"पाऊस तेवढा."

तिनं वही माझ्याकडे सरकवली. पावसाच्या रकान्याशेजारी समासात, बारीक अक्षरात. शेवटून चौथी वही. "छाती जड." पुढच्या पानावर, "जिना चढताना दम." मग दोन-तीन पानांआड तेच. "आज थुंकी काळी." पावसाळ्यात भट्टी बंद असायची, तेव्हा काही नाही, आणि लावली की पुन्हा. शेवटच्या वहीत एका ठिकाणी, "डॉक्टर म्हणतात काम सोडा. हिला सांगू नये."

मी उठले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. खुर्चीवर कोणी बसलंय असं समजून बोलत होते. विटांचा हिशेब माझ्याजवळ सांगायचात, कुठला कामगार पिऊन आला ते सांगायचात, आणि हे वहीला सांगितलंत? वाऱ्याच्या नोंदीशेजारी? मी तीन फुटांवर झोपत होते! सर्दी, सर्दी म्हणत काढे पाजत राहिले मी. मूर्ख बनवलंत!

चिमणीनं ओरडू दिलं. मग म्हणाली, "दादानं सांगितलं असतं तर तू त्याला भट्टीवर जाऊ दिलं असतंस?"

"पाय मोडून घरात बसवलं असतं."

"म्हणून नाही सांगितलं."

मला रडू येत नव्हतं, अजूनही येत नाही. फक्त राग आहे, आणि तो घेऊन मी भट्टीवर गेले. कोळसा टाकणारे चौघं वर उभे होते, तोंडाला फडकी बांधून, आणि मिस्त्री विनाफडक्याचा. सगळ्यांना म्हटलं, उद्या सकाळी आठ वाजता इस्पितळात, छातीचा फोटो. जो येणार नाही त्यानं परवापासून कामावर येऊ नये.

मिस्त्री म्हणाला, "मला काय झालंय?"

"तेच बघायचंय."

"आणि तुम्ही?"

८ मे

इस्पितळाच्या बाकावर सहा जण. मिस्त्रीनं शर्टाची बटणं काढण्यावरून नर्सशी वाद घातला. चौघांपैकी दोघांना औषध सुरू, एकाला पुन्हा बोलावलंय. मिस्त्रीला डॉक्टरांनी भट्टीच्या माथ्यावर चढायला बंदी केली, तर तो म्हणाला, "मग मी काय जमिनीवरून आग राखू?" मी म्हटलं, हो, जमिनीवरूनच, आणि तोंड बंद ठेवून.

माझा नंबर शेवटचा. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि बराच वेळ बघितला. खोकला कधीपासून, विचारलं. थंडीपासून, म्हटलं. "कुठल्या थंडीपासून?" मग मला थंड्या मोजाव्या लागल्या.

घरी आले. चिमणी सकाळीच शहरात परत गेली होती. जेवण गरम केलं, तसंच ठेवलं. तिला आत्ताच कशाला, कामात असेल, पुढच्या तपासणीनंतर बघू, असं तीनदा मनात आलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा स्वतःचाच असा संताप आला की फोन उचलला, आणि डॉक्टर जे जे म्हणाले ते एकही शब्द न गाळता तिला सांगितलं.